तुल्लियोचं नाक आणि पलटणीचं निशाण

"चष्मा हितंच ठिवून चाललास? आन् तिकडं काय आंधळ्यावानी चाचपडत फिरनार?"

"रोमन शिपाई चष्मा लावत नव्हता, ओर्नेल्ला."

"रोमन शिपायाचं डुक्कर त्याची बायकू कापत नव्हती! आज लग्नाचं डुक्कर हाय, ध्यानात हाय ना? तळ्याकाठी दीडशे मानूस पानावर बसनार. मी एकलीनं कापायचं, मीच वाढायचं, आन् ह्यो गडी डोस्क्यावर लांडगा घिऊन मिरवनार."

"वर्सातनं एकदाच तर आसतो मेळा."

"आन् त्या नोएमीचं लगीन काय दर म्हैन्याला आसतंय व्हय रे?"

तुल्लियोनं चष्मा काढला, पुसला, घडी करून गल्ल्याशेजारी ठेवला आणि दाराकडं निघाला. दाराच्या जरा डावीकडं निघाला. तिथं मिठाचं पिंप होतं. पिंपाला गुडघा लागला तसा तो कळवळला, पण ओठ मिटून. ओर्नेल्लानं सुरीला धार लावता लावता वरसुद्धा बघितलं नाही.

"दार उजव्या अंगाला हाय," ती म्हणाली. "तुजा बाप हुता तवापास्नं हाय."

आमच्या पोज्जोलारो गावात तुल्लियोला न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. त्याचं दुकान पोर्केत्ताचं. अख्खं डुक्कर हाडं काढून साफ करायचं, आत लसूण, मिरी, रोझमेरी, मीठ आणि काळजाचे तुकडे भरायचे, दोऱ्यानं करकचून शिवायचं आणि लाकडाच्या भट्टीत घालून सकाळपर्यंत भाजायचं. बाहेरची कातडी काचेसारखी झाली पाहिजे, आतलं मांस सुरीनं कापलं की लोण्यासारखं बाजूला पडलं पाहिजे. बापानं हेच केलं, बापाच्या बापानं हेच केलं. तुल्लियोचा जन्म भट्टीच्या वरच्या माळ्यावर झाला. म्हणून थंडी कशाला म्हणतात हे त्याला शाळेत गेल्यावर कळलं, असं तो स्वतःच सांगतो.

शाळेत आणखी एक गोष्ट कळली. फळ्यावर काहीतरी लिहिलेलं असतं.

तेव्हापासून चष्मा. वय वाढलं तशी भिंगंही वाढली. साठीला टेकला तेव्हा ती इतकी जाड झाली की चष्म्यातून बघणारा तुल्लियो काचेच्या बरणीत ठेवलेल्या माशासारखा दिसायचा. चष्मा काढला की त्याच्या लेखी जग म्हणजे मोठ्या मोठ्या डागांचं फडकं. हिरवा डाग म्हणजे झाड, काळा डाग म्हणजे रस्ता किंवा पाद्री, पांढरा डाग म्हणजे गाय, भिंत नाहीतर कुणीतरी पाहुणा.

आता असा माणूस आमच्या हौशी रोमन पलटणीचा निशाणदार कसा झाला? तर पलटण मुळात त्याच्याच दुकानात जन्माला आली. एका पावसाळी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण तिथं वाईन पीत बसलो होतो. पलीकडच्या गावानं गॉल लोकांची, म्हणजे रोमनांच्या जुन्या शत्रूंची, टोळी काढली होती, मिशा लावून, अंगाला निळा रंग फासून. त्यांचे फोटो छापून आले होते. एत्तोरे मास्तर, शाळेत कवायत शिकवायचे, ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "गॉलांना मारायला कुणीतरी हवं की नको?" झालं. शिपाई ठरले, ढाली ठरल्या. निशाणाला लांब काठी पाहिजे होती. तुल्लियो आत गेला आणि बापाच्या वेळची डुक्कर भाजायची लांबलचक सळई घेऊन आला. तिच्यावर पुढं लाकूड चढलं, पितळी चकत्या लागल्या, वर पंजा बसला. पण आत अजून तीच सळई आहे. उन्हात तापली की तिला अजूनही वास येतो. काठी ज्याची, निशाण त्याचं, यावर तेव्हा कुणी वाद घातला नाही.

आणि त्याला ते शोभायचंही. उंच, रुंद, दंड असे की चिलखताचे पट्टे लोहाराकडून वाढवून घ्यावे लागले. डोक्यावरच्या शिरस्त्राणावर लांडग्याचं कातडं, पंजे छातीवर गाठ मारलेले. तो पलटणीच्या पुढं निघाला की गावातल्या म्हाताऱ्या खिडकीतून क्रॉसची खूण करायच्या. आठवडाभर लोकांना त्याचं फक्त कंबरेवरचं अर्धं अंग दिसायचं, काउंटरच्या मागं, तेलकट एप्रनमध्ये. मेळ्याच्या दिवशी तो अख्खा दिसायचा. त्याला त्याचीच हौस होती. इतिहास वगैरे एत्तोरे मास्तरांचं खातं.

पण आमच्या पलटणीत नियम कडक. निघायच्या आधी मास्तर ओळीतून फिरतात. हातात घड्याळ नको, बोटात अंगठी नको, खिशात सिगारेट नको, खिसाच नको. आणि डोळ्यावर चष्मा तर अजिबात नको. सगळं एका वेताच्या करंडीत टाकायचं, ती करंडी चर्चच्या पायरीवर पाद्रीबाबांच्या हवाली. तुम्ही म्हणाल, डोळ्यात घालायची भिंगं मिळतात की आता. तुल्लियोनं तेही करून बघितलं. एकदाच. त्याची बोटं म्हणजे चाळीस वर्षांची मिरी आणि लसूण. कितीही साबण लावला तरी ते काही जायचं नाही. त्यानं भिंग उचललं, डोळ्याला लावलं, आणि त्यानंतर जी आरोळी उठली ती ऐकून खालच्या गल्लीतली माणसं भूकंप झाला म्हणून चौकात येऊन उभी राहिली. तो विषय तिथंच संपला.

मग तो चालायचा कसा? गावातली वाट पायाला पाठ. आणि बाकीचं नाकावर. भट्टीचं दार न उघडता आतलं डुक्कर झालं की नाही हे जो सांगतो, त्याला मेळ्याच्या माळावरच्या छावणीतल्या चुलीचा धूर कोस-दीड कोसावरून कळला तर नवल काय! निघताना वारा कुठला आहे ते बघायचा, नाक वर करायचा आणि ठेवायचा पाय. वर्षानुवर्षं पलटण त्याच्या नाकामागं चालत होती आणि आम्हाला वाटत होतं, निशाणामागं चाललोय.

हे एकानंच ओळखलं. वाल्तेर. त्याची मोटार शिकवायची शाळा आहे, दिवसभर तो दुसऱ्याचे डोळे आणि पाय बघत बसलेला असतो. पलटणीत तो पिछाडीचा हवालदार. हातात लांब काठी, सगळ्यात मागं चालायचं, ओळ वाकडी झाली की काठीनं सरळ करायची, कुणी चुकलं तर ओरडायचं. त्या वर्षी मेळ्याच्या आधीच्या बैठकीत वाल्तेर उभा राहिला.

"तुल्लियोला दिसत न्हाय," तो म्हणाला. "निशाण डोळस मानसाकडं पायजे."

"मला समदं दिसतंय," तुल्लियो म्हणाला.

"मग सांग, मी हात वर केलाय का खाली?"

"तू हात कुठंबी कर. तुजं तोंड उघडं हाय एवढं कळतंय."

सगळे हसले, पण एत्तोरे मास्तर हसले नाहीत. त्यांनी निकाल दिला: या मेळ्यात तुल्लियो निशाण नेईल. वाटेत एक जरी चूक झाली तर निशाण वाल्तेरचं. कायमचं. तुल्लियो मान हलवून दुकानात परत आला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच डुकराला मीठ घालायचं विसरला.

तर मेळ्याचा दिवस. मे महिन्याचं ऊन, लोकरीचा अंगरखा टोचतोय, चिलखताच्या पट्ट्या तापलेल्या, चौकात बँड वाजतोय. मास्तरांनी तपासणी केली, करंडी भरली. बेत असा होता: पलटण चर्चपासून निघून जुन्या रोमन रस्त्यानं खाली उतरणार. फाट्यावर उजवीकडं वळणार. तिथं मोठं माळरान. माळावर प्रेक्षक, पांढरा मांडव, मांडवात आमचे महापौर पांढरा टोगा, म्हणजे रोमन वस्त्र, नेसून कॉन्सुल, म्हणजे रोमन राज्यप्रमुख, म्हणून बसलेले. त्यांना सलामी द्यायची, मग झाडीतून गॉल येणार, मग त्यांना मारायचं. मास्तरांना माईकवरून लोकांना सगळं समजावून सांगायचं होतं, म्हणून ते आधीच मोटारीनं माळावर गेले. जाताना तुल्लियोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फाट्यावर उजवीकडे."

"ठाव हाय मास्तर. जल्म गेला हितं."

शिंग वाजलं, आम्ही निघालो. खिळेवाल्या चपलांचा त्या काळ्या दगडांवर असा खडखडाट होतो की पोटात गुदगुल्या होतात. रांगेत बोलायचं नाही हा नियम. इकडं तिकडं बघायचं नाही हाही नियम. निशाण जाईल तिकडं जायचं, बास. मी दुसऱ्या ओळीत होतो. समोर लांडग्याची शेपटी डुलत होती, तिच्याकडं बघत चाललो होतो.

फाट्याच्या अलीकडं तुल्लियोची चाल जरा मंदावली. लांडग्याचं डोकं वर झालं. तो वास घेत होता. वारा तळ्याकडून येत होता. आणि त्या वाऱ्यावर, देवाशपथ सांगतो, मलासुद्धा आला: लसूण, रोझमेरी, जळत्या चरबीचा तो गोड धूर. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी म्हटलं, छावणीतल्यांनी यंदा चांगलाच बेत केलेला दिसतोय.

निशाण डावीकडं वळलं.

आम्हीही वळलो. पुढच्या ओळीतल्या कुणी हूं की चूं केलं नाही. मला शंका आली, पण मी म्हटलं मास्तरांनी ऐनवेळी बदललं असेल. रस्ता उतरत उतरत द्राक्षांच्या मळ्यातून गेला, पुढं तळं चमकायला लागलं. आणि समोर, काय सांगू, पांढरा मांडव! मांडवात माणसंच माणसं, आणि मधोमध एक पांढराशुभ्र डाग.

तुल्लियोनं निशाण जमिनीवर आपटलं आणि लॅटिनमध्ये थांबायचा हुकूम सोडला. आम्ही थांबलो. ढाली धाडकन जमिनीवर टेकवल्या. एक अकॉर्डियन वाजत होतं ते मधेच केकाटून बंद पडलं.

तुल्लियो चार पावलं पुढं गेला, त्या पांढऱ्या डागापुढं एक गुडघा टेकला आणि आठवडाभर पाठ केलेलं बोलला, "कॉन्सुल म्हाराज! पोज्जोलारोची पलटण हजर हाय. शत्रू कुठं हाय तेवढं बोट करून दावा. त्येंच्यातला एकबी जित्ता ऱ्हानार न्हाय!"

नवरी नोएमी हातात वाईनचा ग्लास घेऊन उभी होती. तिनं एकदा खाली तुल्लियोकडं बघितलं, एकदा आमच्याकडं बघितलं. मग अगदी शांतपणे हात उचलला आणि सासूच्या टेबलाकडं बोट दाखवलं.

आणि आम्ही, नियमाप्रमाणे, वळलो. ढाली वर, भाले पुढं. सासूच्या हातातला काटा खाली पडला. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं पानावरचा तुकडा पटकन तोंडात घातला, मरायचंच तर खाऊन मरू म्हणून. आणि अख्खा मांडव असा हसत सुटला की तळ्यावरची बदकं उडाली.

"तुल्लियोऽऽ!"

हा आवाज मांडवाच्या मागच्या बाजूनं आला. तिथं लांब टेबलावर सोनेरी भाजलेलं अख्खं डुक्कर पसरलं होतं आणि त्यामागं हातभर लांब सुरी घेऊन ओर्नेल्ला उभी होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले.

लांडग्याचं डोकं तिकडं वळलं. तुल्लियो हळूच म्हणाला, "ओर्नेल्ला? तू माळावर काय करतीयास?"

"मी माळावर न्हाय, तू लग्नात हाईस! उठ खालनं. नवऱ्यामुलाला वाटतंय तू त्याच्या बायकोला मागनी घालतुयास."

तुल्लियो उठला नाही. तसाच राहिला. त्यानं परत एकदा वास घेतला, आता लांब, नाकपुड्या भरून. मग म्हणाला, "माजंच डुक्कर."

"मग कुनाचं? रातभर भट्टीपाशी कोन बसलं हुतं?"

आता माळावर काय चाललं होतं ते आम्हाला नंतर कळलं. एत्तोरे मास्तर माईकवर सांगत होते, "आणि आता, त्या वळणावर, तुम्हाला निशाणाची पितळ चमकताना दिसेल." लोक वळणाकडं बघत होते. वळणावरून एक कुत्रं आलं. मास्तर म्हणाले, "आता दिसेलच." मग एक सायकलवाला आला. लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या. शेवटी झाडीत दबा धरून बसलेले गॉल कंटाळून बाहेर आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमची फौज पळाली काय?" तेवढ्यात खालून हसण्याचा गदारोळ ऐकू आला. मास्तर माईक टाकून पळत सुटले. त्यांच्या मागं गॉल, त्यांच्या मागं टोगा वर धरून महापौर, त्यांच्या मागं प्रेक्षक.

मांडवात ते पोचले तेव्हा गॉलांच्या पुढाऱ्यानं एकदाच टेबलाकडं बघितलं आणि तलवार म्यानात घातली. पाहुण्यांनी सरकून जागा केली. पण आमच्या पलटणीत कुणी हसत नव्हतं. वाल्तेर मागून चालत पुढं आला. काठी काखेत.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "म्या सांगितलं हुतं. दिसत न्हाय त्येला. मास्तर, निकाल तुमीच दिलाय."

तुल्लियोनं लांडग्याचं कातडं मागं सारलं. टक्कल घामानं चमकत होतं. त्यानं निशाण दोन्ही हातांनी उचललं आणि वाल्तेरपुढं धरलं. वाल्तेर जिथं उभा होता त्याच्या हातभर बाजूला धरलं, पण धरलं.

"घे," तो म्हणाला. "खरं हाय तुजं. फाट्यावर मला दोन रस्तं दिसलंच न्हायत. एकच काळा पट्टा. म्हनून नाकावर सोडलं. आन् नाक घेऊन आलं ते हितं."

अकॉर्डियनवाल्यानं टोपी काढली. मी तुल्लियोचे हात बघत होतो. दर मेळ्याला ती काठी ज्या हातांत बघितली ते हात, आणि आता बोटं सुटायला तयार नाहीत.

वाल्तेरनं हात पुढं केला, तेवढ्यात एत्तोरे मास्तर म्हणाले, "एक मिनिट. वाल्तेर, फाट्यावर तू कुठं होतास?"

"पिछाडीला. माज्या जागंवर."

"पलटण डावीकडं वळली हे तुला दिसलं?"

"दिसलं की! मला काय धाड भरलीय? लांबनंच दिसलं."

"मग ओरडला का नाहीस?"

मास्तर वाल्तेरच्या काखेतल्या काठीकडं बघत होते. ती काठी दिलेली असते ती त्याचसाठी. पलटण चुकली तर पिछाडीच्या हवालदारानं ओरडायचं, नाहीतर त्याचं काय काम?

"म्या म्हनलं..." वाल्तेर अडखळला. "म्हनलं, चुकू दे. एकदा समद्यांस्नी दिसू दे."

"म्हंजे चाळीस मानसं तळ्यात गेली आस्ती तरी चाललं आस्तं तुला?" ओर्नेल्ला सुरी घेऊनच पुढं आली.

"तळ्याच्या आदी थांबवलं आस्तं!" वाल्तेर ओरडला. मग त्याचा आवाज एकदम बदलला. "तुमाला काय हाय त्याचं? तुमी म्होरं चालता. लोकं तुमाला बघत्यात. मी इतकी वर्सं मागनं चालतुया. इतकी वर्सं मी फकस्त तुमची ढुंगनं बघतुया! मेळा कसा आसतो ह्ये मला म्हाईतच न्हाय. मला ढुंगनं म्हाईत हाईत. आंदारात वळकीन एकेकाचं."

नवरीची आजी टेबलावरून म्हणाली, "बिच्चारा," आणि वाईनचा घोट घेतला.

मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला. मग पलटणीकडं वळले. "बाकीच्यांचं काय? पहिली ओळ. कुणाला दिसलं नाही रस्ता चुकला म्हणून?"

शिंगवाल्यानं हळूच पायानं माती उकरली. "मास्तर," तो म्हणाला, "करंडीत तो तपकिरी दांडीचा चष्मा हाय ना, तो माजा. मला म्होरचं शिंगबी दिसत न्हाय."

"माजा काळा," पहिल्या ओळीतला एकजण म्हणाला.

"माजाबी काळाच. दोन काळं हाईत. आन् माजं कानातलं यंत्रबी करंडीतच हाय, म्हनून तुमी आता काय इचारलं ते कळलं न्हाय."

एकेकजण बोलत गेला. मीही बोललो, माझा सोनेरी काड्यांचा, लांबचं बघायचा. पहिल्या दोन ओळींत धड डोळ्यांचा एक माणूस निघाला नाही. एत्तोरे मास्तर ऐकत राहिले, आणि शेवटी तेही मान खाली घालून पुटपुटले, "माझा गाडीत आहे."

तेव्हा मात्र ओर्नेल्लाला राहवलं नाही. ती तिथंच टेबलाला धरून हसायला लागली. "अख्ख्या फौजेत डोळं एकाच गड्याला," ती म्हणाली, "आन् त्योच गप बसला!"

मास्तरांनी निकाल तिथंच दिला. आमच्यात एक शिक्षा आहे, जुन्या रोमन फौजेत होती ती. ज्यानं पलटणीला दगा दिला त्याला गव्हाचा पाव मिळत नाही. त्याला जवाचा पाव, कोरडा, आणि सगळे जेवत असताना बाजूला बसून खायचा. "तुल्लियोनं डोळे लपवले. त्याला जव," मास्तर म्हणाले. "वाल्तेरनं तोंड लपवलं. त्याला जव. निशाण..." ते थांबले. तुल्लियोनं डोळेच मिटले, नाहीतरी त्याला काय फरक पडत होता.

"निशाण तुल्लियोकडं राहील. पण वाल्तेर आजपासून पिछाडीला नाही. निशाणाच्या शेजारी, उजव्या अंगाला, पहिल्या ओळीच्याही पुढं. काठी घेऊन. हा चुकला तर त्याच्या पोटरीवर मारायची. आणि पुन्हा चुकला तर चूक तुझी."

वाल्तेरनं काखेतली काठी हातात घेतली. "म्होरं?" तो म्हणाला. "मी?"

"म्होरं," तुल्लियो म्हणाला. "पर हळू मार रं. गुडघा आदीच पिंपानं सुजलाय."

मग मेळा झाला, उशिरा का होईना. आम्ही परत चढून फाट्यावर आलो, मागं अख्खं लग्न. नवरी पायातले बूट हातात घेऊन, सासू तिच्या दंडाला धरून. आणि पुढं वाल्तेर, छाती अशी फुगलेली की चिलखत करकरत होतं. त्याच्या तोंडातून त्याच्या धंद्याची भाषा सुटायला लागली.

"उजवं. उजवं म्हनलं! बास. आता सरळ. वेग कमी कर, म्होरं उतार हाय. मागनं पलटन येतीया, ध्यान ठेव. डाव्या अंगानं गाय. गायीला आदी जाऊ दे."

"गाय हाय व्हय ती? मला वाटलं महापौर."

"महापौर म्होरं हाय. थांब. थांब! आता हळू थांबायचं आस्तंय, आसं धसक्यानं न्हाय. नापास."

"गप रं. लॅटिन बोलू दे."

वळणावर पितळ चमकली. लोकांनी अशा टाळ्या दिल्या की मास्तरांना माईक लागलाच नाही. गॉल झाडीतून आले, पण आले कसे? हातात पोर्केत्ता घातलेले पाव, तोंड भरलेलं, पोटं जड. दरवर्षी ते पळतात आणि आम्ही पाठलाग करतो. यंदा त्यांना पळवेना. त्यांचा पुढारी तुल्लियोपुढं आला, गवतावर बसला आणि म्हणाला, "हितंच मार बाबा. ह्या पोटानं मला पळायला व्हनार न्हाय." तुल्लियोनं वाल्तेरला विचारलं, "कुठं हाय?" वाल्तेरनं काठीनं दाखवलं. तुल्लियोनं निशाणाच्या टोकानं त्याच्या पोटाला हळूच टोचलं. गॉल ढेकर देऊन मेला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

तोवर ओर्नेल्लानं गाडी माळाच्या कडेला आणून लावली होती. गाडीचं मागचं दार उघडं, पाटावर उरलेलं डुक्कर, आणि समोर रांग: पाहुणे, गॉल, रोमन, महापौर, सगळे. तिनं तुल्लियोला बाहीला धरून आत ओढलं, एप्रन चिलखतावरूनच बांधलं, आणि खिशातून चष्मा काढून त्याच्या नाकावर चढवला. तुल्लियोनं डोळे मिचकावले. रांगेकडं बघितलं. ती वळणापर्यंत गेली होती.

"आगं आई," तो म्हणाला. "एवढी मानसं हुती व्हय?"

"हुती. धर सुरी."

शेजारी वाल्तेर गाडीच्या चाकाला टेकून जवाचा पाव चावत होता. त्याचा जबडा दुखायला लागला होता, पण चेहरा नवरदेवापेक्षा खुललेला. तुल्लियोचा पाव पाटाच्या कोपऱ्यावर पडला होता, दगडासारखा. दिवसभर सगळ्यांना वाढायचं, आणि स्वतःच्या हातचा एक तुकडाही तोंडात घालायचा नाही. रांगेतल्या प्रत्येकानं त्याला त्याची आठवण करून दिली, एकानं तर समोर उभं राहून बोटं चाटली.

तुल्लियोनं बोटानं सुरीची धार बघितली, कातडीवर टेकवली. करकर आवाज झाला आणि वाफ वर आली. त्यानं सवयीनं नाक वर केलं, मग चष्मा सारखा केला आणि पहिल्या माणसाकडं बघितलं.

"बोला आजी. कातडीकडचं देऊ, का मदलं मऊ?"

"दोन्ही," नवरीची आजी म्हणाली. "आन् जरा जाड काप. तुज्या बायकूनं लई पातळ कापलं हुतं."

"ऐकलं ग!" ओर्नेल्ला पाव चिरता चिरता म्हणाली. तुल्लियोनं सुरी आणखी बोटभर मागं सरकवली आणि कापायला घेतलं.